खोट्याचा तास घेणाऱ्या बाई

परवा आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत आला. "घिसाड्याच्या चिमुकलीने उघडले शिक्षकांचे डोळे!" खाली जोडलेले हात, मग दिवा, मग तिरंगा. कशाचा कशाला संबंध नाही. त्यात मुलीचं नाव नाही, गावाचं नाव नाही, आणि बाईंचं तर नाहीच. बाईंच्या जागी "एक आदर्श शिक्षक" होते. म्हणजे बाईंचा पुरुषच करून टाकला! आणि खाली दणादण अंगठे. "डोळ्यात पाणी आलं सर." "हीच खरी प्रतिभा." अरे, एकानं तरी विचारावं ना की बाबा, त्या पोरीचं पुढं काय झालं? एकानं पण नाही विचारलं.

माझं डोकंच फिरलं. ग्रुपवर लिहायला घेतलं, लिहीतच गेले, आणि मग कळलं की हे ग्रुपवर मावायचं नाही. बाई स्वतः काही उत्तर देणार नाहीत. त्या रिटायर होऊन बिदरला बहिणीकडं गेल्यात आणि त्यांच्या फोनात व्हॉट्सॲप नाही. "त्याच्यात लोकं नुसता नमस्कार करून राहतेत, बोलत कुणीच न्हाई," असं त्यांचं त्याबद्दल मत. म्हणून मी सांगते. पहिल्यापासून सांगते.

बिराजदार बाई. उदगीरच्या पुढं कर्नाटकाच्या अंगाला एक गाव आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडं. मी नांदेडची. डी.एड. करून घरी बसलेले, तर तिथं मानधनावर लागले, दिवाळीनंतर. पहिल्या दिवशी शाळेत गेले तर पायरीवर एक बुटकी, गोल, तेल लावून केस चप्प बसवलेली बाई साडी घोट्याच्या वर धरून पांढऱ्या स्पोर्ट बुटाची लेस बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "नांदेडची का तू? नांदेडची लोकं लई गोड बोलतेत. हितं गोड बोलू नको. पोरं गप बसतेत मग."

चष्म्याच्या घरात त्या खडू ठेवायच्या आणि चष्मा जेवणाच्या डब्यात. डबा उघडला की आधी चष्मा निघणार, मग भाकरी. चष्म्याला कायम शेंगदाण्याच्या चटणीचा वास. घरी कानडी, बाहेर मराठी, भाजीवाल्याशी दखनी. आणि राग आला की कानडी, मग समोरचा कुणी का असेना. "साकु!" म्हणजे पुरे. हा शब्द शाळेतल्या कुत्र्याला पण कळायचा.

त्यांच्या वर्गात जाऊन बसले तर मला काही सुधरेना. बाईंनी गणित घातलं, पहिल्या बाकावरचे पाच-सहा हात लगेच वर. मी ट्रेनिंगमध्ये शिकलेली, की हात वर करणाऱ्याला प्रोत्साहन द्या. बाई म्हणाल्या, "हात वर हायेत त्यांनी खाली घ्या. तुम्हाला येतंय, मला म्हाईत हाय, उगं दंड दुखवून घेऊ नका. बाकीच्यांनी विचार करा. मला घाई न्हाई." आणि खरंच खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहिल्या. किती तरी वेळानं मागून एक तांड्यावरचं पोरगं काहीतरी पुटपुटलं, अर्धं त्याच्या गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, अर्धं मराठीत. बाई उठून त्याच्यापाशी गेल्या. "चुकलं. पण कसं चुकलं ते सांग. रस्ता सांग मला, गाव नको सांगू."

त्यांचं म्हणणं एकच. "वरडतंय ते पाठ केलेलं पोरगं. हुशार पोरगं आधी इकडं तिकडं बघतं, की ह्यान्ला सांगून काय फायदा हाय का." आणि वर्ग तरी कसला? गावातली मराठी बोलणारी, तांड्यावरची, दर्ग्यामागच्या गल्लीतली दखनी बोलणारी, दोन-चार कानडी घरातली. त्यातली निम्मी पोरं पुस्तकातलं मराठी ऐकून पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी अंग चोरून बसायची. मग कोण हुशार हे ओळखायचं कसं? बाकीचे मास्तर म्हणायचे, ओळखायचं काय त्यात, पहिला नंबर कुणाचा आलाय बघा. बाईंनी त्यासाठी वेगळीच गोष्ट काढली होती, आणि ती ऐकून मी पहिल्यांदा हसले आणि मग तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास खोट्याचा.

एका पोरानं फळ्यापाशी स्टुलावर उभं राहायचं आणि एक खोटं सांगायचं. कोणत्याही भाषेत. बाकीच्यांनी प्रश्न विचारून विचारून त्याला पकडायचं. आधी एक बोलला आणि मग त्याच्या उलटं बोलला की गेला. पकडणारा स्टुलावर. बास, एवढाच नियम. पण काय सांगू तुम्हाला! वर्षभर "हजर बाई" सोडून ज्यांच्या तोंडून शब्द नाही अशी पोरं तिथं उभी राहून असली खोटी रचायची की बस. दर्ग्यामागच्या समीरनं सांगितलं, त्याच्या मामाची बकरी फक्त कानडी समजते. प्रश्नांवर प्रश्न. मग तुझी मामी तिच्याशी काय बोलते? मामी मुकी आहे का? कानडी कुणी शिकवलं? समीर एकेकाला उत्तर देतोय, आधी काय बोललो ते सगळं डोक्यात ठेवतोय, अजिबात हलत नाही. बाई मागं उभ्या राहून माझ्या कानात, "बघायलीस का? ह्याला पुस्तकातला धडा आठवत न्हाई म्हणतेत. बकरीचा आख्खा वंश आठवून राहिलाय."

हेडसरांनी एकदा बोलावून घेतलं. आमचे हेडसर म्हणजे वाईट माणूस नाही, पण भित्रा. वरून फोन आला की उभं राहून बोलणार.

"बाई, काय ऐकून राहिलो मी हे? सरकारी शाळेत खोटं शिकवायलाव?"

"शिकवत न्हाई सर. ते येतंच त्यान्ला. मी तपासायले फक्त."

"अहो, परिपाठाला रोज 'नेहमी खरे बोलावे' म्हणायचं, आन् शनिवारी हे?"

"परिपाठाला काय म्हणतेत ते कुणी ऐकत न्हाई सर. शनिवारी समदे ऐकतेत."

सरपंचांची सून पण आली भांडायला. तिचा सोहम वर्गात पहिला. सोहमचं खोटं काय, तर "काल मी चंद्रावर गेलो होतो." दुसऱ्याच प्रश्नाला गडी रडकुंडीला. "बाई, माझ्या लेकराला खोटं बोलता येत न्हाई म्हणून तुम्ही त्याला खाली बसवलाव म्हणे! अहो, हे तर चांगलंच हाय की!"

"चांगलंच हाय," बाई म्हणाल्या. "पण त्याला प्रश्न लई भारी येतेत. एकेकाला असा धरतोय! घरात विचारू देत न्हाई का तुम्ही त्याला?"

सून आली तशी निघून गेली. पण सोहमचं नशीब उघडलं. त्या दिवसापासून तो वर्गाचा वकील झाला, आणि मला तर वाटतं पाठांतरातून सुटल्यावरच तो खरा हुशार दिसायला लागला. हे मुद्दाम सांगते, नाहीतर लोक म्हणतील बाई फक्त गरिबाच्या पोरांचं बघायच्या. बाई सगळ्यांचंच बघायच्या, तोच तर त्यांच्यावर राग होता लोकांचा.

आणि आता काजल.

गावाच्या बाहेर, फाट्यावर घिसाड्यांची पालं पडली होती. गावोगाव फिरून विळे, खुरपी, कुऱ्हाडी करून विकणारी माणसं. काम संपलं की पाल उचलून पुढच्या गावाला. त्यातली काजल सोळंके, दहा-अकरा वर्षांची, चौथीत येऊन बसली. अशा पोरांना आमच्या शाळेत एक जागा ठरलेली आहे आणि ती जागा सगळ्याच शाळांत तीच असणार, पैज लावते. दाराजवळ! कारण ती जाणारच आहेत, मग आत कशाला? कुणी ठरवलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, पण पोरगी आली की आपोआप दाराजवळ. काजल पण कुणी न सांगता तिथंच बसली, म्हणजे विचार करा, आधी किती शाळांच्या दाराजवळ बसून आली असेल. बाईंनी तिला आत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची उचलून दाराजवळ नेली आणि तिथून शिकवायला लागल्या. मग हळूहळू अख्खा वर्गच तिकडं तोंड करून बसायला लागला.

काजल पहिले काही शनिवार नुसती ऐकत होती. मग एका शनिवारी म्हणाली, "मी सांगू?"

स्टुलावर चढली. म्हणाली, "माझ्या आज्यानं एक तराजू केला होता. लई खोटा. उदगीरच्या मोंढ्यातले समदे व्यापारी त्याच्या मागं लागले, आमाला दे, आमाला दे. आज्यानं दिला न्हाई. आज्या म्हणायचा, ह्या खोट्या तराजूवर मी खरं वजन करतो, तुमाला ते जमणार न्हाई."

पोरं तुटून पडली. तराजू खोटा कसा? एक पारडं जड होतं. मग खरं वजन कसं होईल? होतंय. सोहम उठला. "कसं होतंय ते सांग. न्हाई तर तू पकडली गेलीस."

काजल थांबली. मला आठवतंय, तिनं दोन्ही हात पुढं केले, पारड्यांसारखे, आणि त्यांच्याकडं बघत राहिली. बाईंनी बोट वर करून मलाच गप राहायची खूण केली. मी काही बोलतच नव्हते.

मग ती म्हणाली, "गूळ ह्या हातात ठेवायचा. त्या हातात रेती टाकायची, काटा मधी येईपातूर. मग गूळ काढायचा. रेती तशीच ठेवायची. अन् गुळाच्याच जागी वजनं टाकायची, परत काटा मधी येईपातूर. जेवढी वजनं तेवढा गूळ. तराजू खोटा असला तर असू दे की. गुळाला पण तेवढाच खोटा, वजनाला पण तेवढाच."

सोहम लगेच, "अन् वजनंच खोटी असली तर?"

काजल हसली. "मग न्हाई जमत. कायतरी एक खरं पायजे."

मी बी.एस्सी. पण केलंय बरं का. मला ते समजायला घरी जाऊन दोन वाट्या घ्याव्या लागल्या. बाईंनी मात्र त्या दिवशी तास तिथंच सोडला, पोरांना खेळायला पाठवलं आणि काजलला विचारलं, "आज्यानं दाखवलं का हे?"

"आज्या तराजू करत न्हाई. आमच्यात कुणीच करत न्हाई. आमच्याकडं तराजूच न्हाई."

"मग कुणी सांगितलं?"

"सोहमनं इचारलं ना. तवाच सुचलं."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढं सगळ्यांनी हेच वाक्य विसरायचं ठरवलं.

त्याच वेळी लातूरच्या एका संस्थेचं पत्र शाळेत आलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांमधली हुशार मुलं निवडायची, पाचवीपासून लातूरला ठेवून घ्यायचं, राहणं-खाणं-शिकवणं सगळं फुकट, गणित आणि विज्ञानाची खास तुकडी. प्रत्येक शाळेनं दोन नावं द्यायची. लातूरला शिकायला मिळावं म्हणून आमच्याकडचे लोक काय काय करतात हे मी सांगायला नको. आणि काजलसाठी तर ती एकच गोष्ट होती, की पाल कुठंही जाऊ दे, शाळा तीच राहील.

पहिलं नाव सोहम, त्यावर बाईंचं पण काही म्हणणं नव्हतं. दुसरं नाव बाईंनी सांगितलं आणि हेडसर हसलेच.

"बाई, ती लोकं आज हायेत, उद्या न्हाईत. जागा वाया जाईल हो. आन् एवढी घिसाडघाई कशाला?" स्वतःच्याच विनोदावर हसले. बाजूला बसलेले दोन गुरुजी पण हसले.

बाईंनी चष्मा काढला. "सर, ती पोरगी व्हरांड्यात उभी हाय. तिला ऐकू आलं."

तिथं हसणं थांबलं. पण नाव काही लागलं नाही.

मग बाईंनी एक गोष्ट केली. तेव्हा मला ती भारी आयडिया वाटली होती. त्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या शाळांचे शिक्षक जमतात त्या बैठकीत, त्यांनी उभं राहून तराजूची गोष्ट सांगितली. आणि बाई गोष्ट सांगायला लागल्या की काय सांगू! सोहमचा आवाज, काजलचे दोन हात, मधली ती शांतता, सगळं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. चहाच्या वेळी सगळे बाईंभोवती. कुणीतरी तिथंच टाईप करून टाकलं, आणि तो जो मेसेज अजून फिरून राहिलाय तो हाच. एका साहेबांनी पुढच्या भाषणात तीच गोष्ट वापरली. आणि मग काय, आमच्या हेडसरांनी स्वतः होऊन काजलचं नाव लिहिलं. "शाळेचं नाव झालं बाई!"

बाई खुश. मी पण. आम्ही दोघींनी उदगीरला स्टँडसमोर भजी खाल्ली.

निवडीला लेखी परीक्षा नव्हती. का, तर संस्थेचं म्हणणं, लेखी परीक्षेत वेगवेगळ्या समाजातली मुलं मागं पडतात, म्हणून आम्ही मुलाखत घेतो. ऐकायला किती छान ना? मला पण छानच वाटलं होतं. मुलाखत उदगीरलाच झाली. आम्हाला आत सोडलं नाही. सोहम घामाघूम होऊन बाहेर आला, अपूर्णांक विचारले म्हणाला, आकड्यांची मालिका विचारली. मग काजल. आत गेली आणि थोड्या वेळानं टाळ्यांचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर शाल होती. चौथीतल्या पोरीच्या अंगावर शाल! जमिनीला लोळत होती.

बाई म्हणाल्या, "काय विचारलं ग?"

"विळा कसा करतेत ते."

"अन्?"

"भाता कोण हलवतं. लोखंड तापलेलं कसं कळतं."

"गणित?"

"न्हाई."

"एकपण न्हाई?"

"न्हाई बाई. मी म्हणलं, गणित इचारा की. तर ते हसले अन् टाळ्या वाजिवल्या."

यादी लागली. सोहम तुकडीत. काजलच्या नावापुढं लिहिलेलं, "पारंपरिक ज्ञान व हस्तकौशल्यात विशेष प्रावीण्य", आणि तिला बोलावलं होतं उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कलाकुसरीच्या शिबिराला. कागदी फुलं आणि मातीची भांडी.

मी आयुष्यात एवढी चिडले नव्हते. बाई मात्र ओरडल्या नाहीत. कानडी पण नाही बोलल्या. फक्त म्हणाल्या, "उद्या लातूरला जायचं. तू येतीस का?"

गेलो. मी, बाई, आणि काजल. काजलच्या आईनं तिच्या केसांना एवढं तेल लावलं होतं की एसटीच्या खिडकीला डाग पडला. संस्थेचे मोठे सर केबिनमध्ये होते. पांढरा शर्ट, शांत आवाज, खरंच चांगलं बोलणारा माणूस. "या मॅडम, बसा. अरे, ही तर आपली तराजूवाली! चहा सांगतो."

बाई बसल्या नाहीत. "साहेब, हिला गणित विचारा."

"मॅडम, आम्ही तिचा सन्मान केलाय. असे समाज, त्यांचं पारंपरिक ज्ञान..."

"कसलं पारंपरिक हो! हिच्या घरात तराजू न्हाई. हिच्या सात पिढ्यांत कुणी तराजू केला न्हाई. ते तिनं खोटं सांगितलं होतं, अन् त्या खोट्यातून वाट काढताना ते गणित तिला सुचलं, तिथल्या तिथं, तिच्या डोक्यातून! तुम्ही ते तिच्या डोक्यातून काढून तिच्या जातीला देऊन टाकलाव. सन्मान नका करू साहेब. परीक्षा घ्या. त्या सोहमला जे विचारलाव ते हिला विचारा, नापास झाली तर मी हिला घेऊन गप गावाला जाते."

सर थोडे ओशाळले. मग काजलकडं वळून, लहान बाळाशी बोलतात तसं, "बरं बेटा, सतरा नवे किती?"

"एकशे त्रेपन्न," काजल म्हणाली. मग थोडं थांबून, "सोहमला पण पाढाच इचारला होता का?"

मी बघितलं, सरांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "हुशार आहे हं!" असं म्हणाले, पण आमच्याकडं न बघता. मग म्हणाले, जागा भरल्यात, पुढच्या वर्षी नक्की.

"पुढच्या वर्षी ही कुठं असंल, तुम्हाला म्हाईत हाय का?"

"तोच तर प्रश्न आहे ना मॅडम." आवाज अजून शांत झाला. "उद्या आई-वडील घेऊन गेले मध्येच, तर? एक जागा वाया जाते. आम्हाला सगळ्यांचा विचार करावा लागतो."

वाया. आमच्या गावच्या भित्र्या हेडसरांच्या आणि लातूरच्या ह्या एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडात तोच एक शब्द! अहो, पाल फिरतं म्हणूनच तर राहायची जागा पाहिजे होती ना तिला? ज्या कारणासाठी द्यायची त्याच कारणासाठी नाही? मी बोलायला तोंड उघडलं, तर बाईंनी माझा हात दाबला. काजलला म्हणाल्या, "साकु. चल." चहा तसाच टेबलावर राहिला.

लातूरच्या स्टँडवर त्या बराच वेळ बाकावर बसून होत्या. काजल समोर पाण्याच्या टाकीपाशी आपल्या त्या शालीनं तोंड पुसत होती. बाई मला म्हणाल्या, "माझंच चुकलं पोरी. मी गोष्ट सांगायला नको होती. लोकान्ला गोष्ट पायजे असती. गोष्ट मिळाली की त्यान्ला वाटतं, झालं, केलं आपण तिच्यासाठी. पोरगी मग कुणालाच लागत न्हाई."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही गोष्ट सांगितली नसती तर नावच लागलं नसतं."

"तेच तर वाईट हाय ना," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पालं उठली. देगलूरकडं गेली, मग पावसाच्या तोंडावर बिलोलीकडं. आणि बाईंनी काय केलं माहितीये? जिथं पाल, तिथल्या शाळेला फोन. कुठून नंबर काढायच्या देव जाणे. स्वतःची रिटायरमेंट तोंडावर, गुडघे दुखतात, आणि ही बाई अनोळखी गुरुजींना फोन करून भांडते. तेवढ्यात माझी बिलोली तालुक्यातल्या एका शाळेत पक्की ऑर्डर निघाली. मी आनंदानं बाईंना फोन केला, तर अभिनंदन राहिलं बाजूला. "तुझ्या गावच्या वेशीबाहेर ती लोकं आली असतील बघ. न्हाई आली तर येतील. मी येतेय."

आणि आल्या. उदगीरहून देगलूर, देगलूरहून बिलोली, गाड्या बदलत. काजलला पालातून घेतलं आणि सरळ आमच्या शाळेत. ती आता पाचवीची. आमच्या इथले हेडसर तरुण आहेत, उत्साही आहेत, त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "बोला मॅडम. एवढ्या लांबून आलात म्हणजे मुलगी खासच असणार. काय विशेष आहे हिचं?"

मी बाईंकडं बघत होते. मला माहीत होतं ना, तराजू ओठावर आलाय. तोंड उघडलं पण होतं त्यांनी. मग मिटलं.

"विशेष काय न्हाई," त्या म्हणाल्या. "पाचवीत बसवा."

"नाही म्हणजे, कुठल्या समाजाची आहे?"

"पाचवीची."

हेडसर माझ्याकडं बघायला लागले. मी खिडकीकडं बघायला लागले. मग त्यांनी मुकाट्यानं काजलला वर्गात पाठवलं.

बाई लगेच निघाल्या नाहीत. पाचवीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात थांबल्या, मी शेजारी. आत आमचे गणिताचे सर फळ्यावर उदाहरण घालत होते. नवीन पोरगी दिसली म्हणून त्यांनी तिलाच उठवलं, काही न विचारता, कुठली, कोण, काही नाही, सरळ फळ्यापाशी. काजलनं खडू घेतला, भराभरा सोडवलं आणि शेवटच्या पायरीला घाई केली.

"चुकलं," सर म्हणाले. "हातचा विसरलीस. खाली बस, परत कर. हां, तू ये रे पुढं."

संपलं. कुणी हसलं नाही, कुणी कौतुक केलं नाही, दुसरं पोरगं फळ्यावर गेलं. काजल खाली बसली, जीभ दातात धरून, रागानं वहीत परत करायला लागली.

मी घाबरून बाईंकडं बघितलं. बाईंचा चेहरा असा फुलला होता, की शिक्षण परिषदेतल्या टाळ्यांना पण फुलला नव्हता.

"बघितलीस का?" माझ्या कानात म्हणाल्या. "चुकू दिलं तिला."

मग पदर खोचला आणि त्या पांढऱ्या बुटांनी चिखलातून उड्या मारत गेटाकडं निघाल्या. देगलूरची गाडी गेटासमोरच थांबली होती, कंडक्टर वरडत होता, आणि बाई त्याच्यापेक्षा मोठ्यानं कानडीत काहीतरी वरडत होत्या. चढल्या. मागं वळून बघितलं नाही. मी व्हरांड्यात उभी होते आणि आत सर म्हणत होते, "काजल, झालं का? आण इकडं."